निळा थर

माझ्या चित्रांत माणूस नसतो. डोंगर असतात, शेताचे बांध असतात, पाणी ओसरल्यावर मागे राहिलेला चिखल असतो, कुणी वापरत नाही अशी एखादी वाट असते. नवऱ्याचं नेमकं उलट. तो शिल्पकार, त्याला माणसाशिवाय दुसरं काही दिसतच नाही. डोंगर दाखवला तरी म्हणायचा, खांदा चांगला आहे. आमची मुलगी लहान असताना तिला शाळेत विचारलं, आईबाबा काय करतात? ती म्हणाली, आई रिकाम्या जागा काढते आणि बाबा जागा अडवणारी माणसं करतो. बाईंनी मला मुद्दाम बोलावून हे सांगितलं. मी म्हटलं, बरोबरच सांगितलं तिने.

तिला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण घरात कुठे सापडली नाही तर साखरेच्या डब्यापाशी सापडायची. बापाला चिडवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तो एखाद्या पुतळ्याच्या कानामागे लागला की दिवसच्या दिवस तोच कान कोरत बसायचा. मग ही दारात उभी राहून म्हणायची, "अति तिथे माती, आणि माती तिथे आमचे बाबा."

निसर्गचित्र काढणाऱ्याला कोवळं ऊन धरावं लागतं. ते कुणासाठी थांबत नाही, पोटच्या पोरीसाठीही नाही. त्यामुळे मी उजाडायच्या आत रंगाची पेटी घेऊन बाहेर पडायची आणि मुंगीची आंघोळ बापाकडे असायची. पुतळा धुतल्यासारखीच धुवायचा तो तिला. कानांच्या पाळ्या, बोटांच्या बेचक्या, गुडघ्यामागची वळी, काही सोडायचा नाही. फक्त चेहऱ्याला साबण लावायचा नाही. एकदा तिच्या डोळ्यांत साबण गेला होता आणि तिने असा टाहो फोडला की शेजारची बाई धावत आली. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. डाव्या हाताचा तळवा तिच्या कपाळावर आडवा धरायचा आणि उजव्या हाताने नुसतं पाणी फिरवायचा. "डोळे मिट. झालं हं, झालं." मी कुरकुरायची की पोरीच्या हनुवटीवर पुटं चढलीत. तो म्हणायचा, "चेहरा माझ्याकडे सोपव. तू तुझे डोंगर सांभाळ."

ती गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं. तापच तर आहे, असं सगळे म्हणत होते, डॉक्टरसुद्धा. आठवडा पुरा व्हायच्या आत संपलं सगळं. नर्सने आम्हाला खोलीच्या दारापर्यंत आणलं. पलंगावर पांढरी चादर होती, डोक्यावरून ओढलेली. नर्सने हळू आवाजात विचारलं, बघायचंय का? नवरा म्हणाला, "मी नाही." आणि तो बाहेरच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रंगाचा एक पोपडा सुटला होता तिथे, तो नखाने काढत राहिला.

मी आत गेले आणि चादर वर केली. कुणीतरी करायलाच हवी होती. काय पाहिलं ते मी कुणाला सांगितलं नाही आणि नवऱ्याने कधी विचारलं नाही.

तेव्हा मला त्याचा राग आला नाही. राग नंतर आला, आणि आला तो मुक्कामालाच. कारण त्या दिवसापासून मी डोळे मिटले की तोच चेहरा समोर यायचा. एकोणीस वर्षं डोळ्यांसमोर असलेली पोर, आणि त्या एका क्षणाने सगळ्या वर्षांवर बूड टेकलं. फोटो होते, ढिगाने होते. मोबाइलमधल्या प्रत्येक फोटोत ती गाल फुगवून नाहीतर जीभ काढून उभी. फोटो बघेपर्यंत बरं वाटायचं. बाजूला ठेवला की पुन्हा तीच खोली, तीच चादर. नवऱ्याला हे काही नव्हतं. त्याच्याकडे ती जिवंतच राहिली होती. एका घरात राहून मी त्याला पाण्यात पाहू लागले.

मग एक दिवस त्याने कामाच्या खोलीत लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर माती चढवायला लागला. मानेचं वळण बघूनच मी ओळखलं.

"आता हिचाही पुतळा का? कुठल्या चौकात बसवणार आहेस?" मी म्हटलं. फार घाणेरडं बोलले. तो माती चढवत राहिला.

कितीतरी महिने मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. चहा उंबऱ्यावर ठेवायची. एका दुपारी हाक मारली तरी तो उठला नाही, म्हणून कप घेऊन आत गेले. तो खिडकीपाशी हात पुसत उभा होता. आणि समोर मुंगी.

कमरेपर्यंतचीच होती. एक हात दाराच्या चौकटीला धरावा तसा वर, आणि खांद्यावरून मागे वळून बघणारा चेहरा. आतल्या खोलीतून हाक मारली की ती अशीच दारात थबकायची. ओरडा बसणार आहे की काही खायला मिळणार आहे ते कळायच्या आधीचा तो चेहरा. दोन्हीला अर्धी अर्धी तयार. भुवई किंचित उचललेली, ओठाचा डावा कोपरा हसायला निघालेला पण अजून थांबलेला. हे मी हजार वेळा पाहिलं होतं आणि पाहिलं होतं हेच विसरून गेले होते. एकाही फोटोत ते नव्हतं. हाक मारताना कुणी फोटो काढत नाही.

मी कप हातात घेऊन फरशीवर बसले. मग मी माझ्या खोलीत जाऊन आडवी झाले, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांआड मुंगी दारात थबकून माझ्याकडे बघत होती. चादर नव्हती. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत झोपले.

पण हे एकदा होऊन पुरलं नाही. दोन दिवस खोलीत गेले नाही की तो दुसरा चेहरा परत यायचा. म्हणून मी रोज जायला लागले. सकाळी चूळ भरायच्या आधी जायची आणि बघून यायची. मग दिवस ढकलता यायचा.

ओली माती जपणं म्हणजे काय ते ज्याने जपली त्यालाच ठाऊक. वाळली की तडकते, जास्त भिजली की ढासळते. ओली फडकी गुंडाळायची, वरून प्लास्टिक, पुन्हा सोडायचं, पाणी शिंपडायचं, पुन्हा गुंडाळायचं. तळहाताच्या फोडासारखं आम्ही तिला जपलं. दोघं मिळून कुठे गावाला गेलो नाही. नणंद येऊन म्हणाली, "वहिनी, मातीत असा जीव गुंतवू नये." मी म्हटलं, "मग कशात गुंतवू ते सांगा, तिथे गुंतवते." ती बिचारी रडायला लागली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

खरं तर माती इतके दिवस ठेवायचीच नसते. काम पुरं झालं की प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्यात पुतळा ओतायचा, मग तो तुमच्या नातवंडांनाही पुरतो. नवऱ्याने आयुष्यभर तेच केलं. पण साचा घेतला की मूळ माती राहत नाही. ती आतून बोटांनी, चमच्याने खरवडून काढून टाकायची असते. दुसऱ्यांच्या पुतळ्यांची माती तो शीळ घालत बादलीत टाकायचा. हिच्यापाशी त्याचा हात अडला. बघू, पुढच्या महिन्यात करू, हवा जरा कोरडी होऊ दे. दोन वर्षं उलटली.

मग मानेवर तपकिरी डाग उमटला. आतल्या लोखंडाला गंज चढला होता. डागाच्या कडेने एक भेग निघाली आणि डोकं बोटभर खाली आलं. त्याने पट्टी बांधून ते सावरलं. दोन दिवसांत पुन्हा खाली आलं.

"आता साचा घे," मी म्हटलं.

"बघू."

"बघू काय? एका सकाळी खाली पडलेली दिसेल. तेव्हा काय बघशील?" मी त्याचं मनगट धरलं होतं. "माझ्याकडे दुसरं काही नाहीये रे. तुझ्याकडे असेल. माझ्याकडे हा एवढा चेहरा आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला काय दिसतं हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. निदान अर्धं तरी. म्हणाला, "बरं."

साचेवाला आमचा जुना माणूस. त्याच्या बोलण्याला पूर्णविराम नसतो, पण हात सोन्याचा. त्याने पुतळ्याभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "दादा, पातळ रबर फासून साचा घेऊ. चेहऱ्याचा केसन् केस उतरेल आणि एक बिघडला तर दुसरा ओतता येईल."

"चेहऱ्यावर ते चिकट नको," नवरा म्हणाला.

"मातीच आहे की, दादा."

नवऱ्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. साचेवाल्याने पिशवीतून काढलेले नमुने परत पिशवीत घातले. "साचा मी करतो, माझ्या पद्धतीने," नवरा म्हणाला. "तू फोडायला ये."

मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा वाटलं, करतोय ना, करू दे. एवढ्यावर निभावलं तर देव पावला.

त्याची पद्धत जुनी. पुतळ्याच्या दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पट्ट्या खोचायच्या, म्हणजे साचा पुढचा आणि मागचा असा दोन भागांत सुटतो. पहिला थर पातळ, निळ्या रंगाच्या प्लास्टरचा. त्यावर दुसरा, जाड आणि पांढरा. निळा कशासाठी, तर शेवटी साचा छिन्नीने फोडून आतला पुतळा बाहेर काढायचा असतो, आणि साचाही पांढरा, पुतळाही पांढरा. फोडता फोडता निळं दिसलं की समजायचं, आता हात हलका कर, याच्या पलीकडे अंग आहे. मी निळं प्लास्टर कालवून दिलं. त्याने बोटांनी ते तिच्यावर शिंपडलं, आधी खांद्यावर, मग हातावर, चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी. शिंपडताना तो हळूच फुंकर घालत होता, डोळ्यांच्या खाचेत बुडबुडा राहू नये म्हणून.

साचा उघडला त्या दिवशी मी बाहेर निघून गेले. चित्र काढायला गेले म्हणायचं, पण पेटी उघडलीच नाही. परत आले तेव्हा माती बादलीत होती. चमचा कोरडा होता. सगळं त्याने बोटांनी काढलं होतं.

साच्याचा पुढचा भाग त्याने भिंतीला टेकवून ठेवला होता. आतून निळा, पोकळ. चेहऱ्याच्या जागी खड्डा, नाकाच्या जागी खोल भोक. पण खिडकीतून तिरपा उजेड येत होता आणि मी दारातून पाहिलं तर तो खड्डा नव्हता. तो चेहरा होता, पुढे आलेला. मी डावीकडे सरकले तर तो माझ्यामागे डावीकडे वळला. उजवीकडे गेले तर उजवीकडे. पोकळ साच्यात डोळा असा फसतो, हे मला विद्यार्थी असल्यापासून माहीत आहे. तरी मी पुन्हा एकदा डावीकडे सरकून पाहिलं.

"बघते आहे," नवरा म्हणाला. तो साच्यासमोर पाटावर बसला होता. किती वेळचा, कोण जाणे. त्याच्या आवाजात आनंद होता.

पुढचं काम साबणाचं. साच्याला आतून ब्रशने साबणाचं दाट पाणी पाजायचं, ते मुरलं की पुन्हा, पुन्हा एकदा, आणि वर तेलाचा हात. तसं केलं नाही तर प्लास्टर प्लास्टरला धरतं आणि दोन्ही एकजीव होतात, मग काही केल्या सुटत नाहीत. हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. मधल्या दारातून ब्रशचा आवाज येत होता आणि नवऱ्याचा. तो बोलत होता. मी नळ बंद केला.

"डोळे मिट," तो म्हणत होता. "झालं हं, झालं."

मला रडू आलं, पण ते वाईट रडू नव्हतं. मी मनात म्हटलं, बोलू दे. ती गेल्यापासून पहिल्यांदा तिच्याशी मोठ्याने बोलतोय. मी नळ पुन्हा सोडला, मी ऐकत नाहीये असं त्याला वाटावं म्हणून मुद्दाम भांडी वाजवली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून साचा जोडला, दोरीने आवळला, आणि त्याने प्लास्टर ओतलं. ते तापलं, मग निवलं. साच्यावर हात ठेवून मी ती ऊब जाईपर्यंत उभी होते.

साचेवाला सकाळीच आला. खिडक्या उघड्या होत्या, उजेड स्वच्छ होता. नवऱ्याने हाताकडून सुरुवात केली. छिन्नी, हातोडीची टिचकी, पांढरा तुकडा गळून पडला, खाली निळं. पुन्हा टिचकी, निळी खपली सालासारखी सुटली आणि आतून तिची बोटं आली. नखंसुद्धा. करंगळीवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा. साचेवाला म्हणाला, "वा, दादा. लोण्यासारखं सुटतंय." मग मनगट आलं, कोपर, खांदा, खांद्यावर पडलेली वेणी. दुपार होईपर्यंत मानेपर्यंत सगळी मोकळी झाली. मी चहा केला तर कुणी प्यायलं नाही. मला हसू फुटत होतं. आता ही वाळणार नाही, ढासळणार नाही, मी मरेपर्यंत रोज सकाळी इथे असेल, हे मी मनात घोळवत होते.

चेहऱ्यावरचं पांढरं सगळं निघालं. निळं दिसलं. नवऱ्याने हात हलका केला आणि कपाळावर टिचकी मारली. काही सुटलं नाही.

त्याने छिन्नी तिरपी धरली. हनुवटीखाली, कानाजवळ. कानाची खपली निघाली, कान स्वच्छ आला. गालावर मात्र निळं हललं नाही. साचेवाल्याने त्याच्या हातातून छिन्नी घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि हनुवटीच्या कडेला अगदी हलकी टिचकी मारली. नखाएवढा तुकडा पडला. त्याने तो उचलून उलटा केला. एका बाजूला निळं, दुसऱ्या बाजूला पांढरं, आणि दोघांच्यामध्ये रेघसुद्धा नाही. हनुवटीला तेवढाच खड्डा पडला होता.

त्याने छिन्नी खाली ठेवली. "दादा," तो म्हणाला, "साबण लावला होता ना?"

"लावला होता."

"चेहऱ्याला?"

नवरा तिच्याकडेच बघत होता. त्याचा डावा हात वर आला आणि त्याने तळवा तिच्या निळ्या कपाळावर आडवा ठेवला.

"डोळ्यांत जातो तिच्या," तो म्हणाला.

साचेवाल्याला काही समजलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मला समजलं. मी पाटावर बसले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर मेल्यानंतरही गेली नव्हती.

साचेवाला बोलत राहिला. किसणीने घासून बघू, पाण्यात भिजवून बघू, वाफ देऊन बघू. मग स्वतःच गप्प झाला, कारण यातलं काही होत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? निळा थर घासायचा तर तिचा गालही घासला जाणार, ओठही. आत ती होती, जशीच्या तशी, ओठाचा डावा कोपरा हसायला निघालेला. आतच होती, आणि तिथून तिला कुणी काढू शकत नव्हतं. त्याने हत्यारं आवरली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवावा की नाही ते त्याला ठरवता आलं नाही. "येतो, वहिनी," एवढंच म्हणाला.

आम्ही दोघंच राहिलो. मी डोकं वर करून पाहिलं. हात, वेणी, खांदा, सगळं जिवंत. आणि चेहऱ्यावर तो निळा थर, त्याखाली नाकाचा उंचवटा, कपाळाचा गोल, ओठांची नुसती खूण. जसं चादरीतून दिसतं तसं.

"पुन्हा करशील?" मी विचारलं. उत्तर माहीत होतं तरी विचारलं.

"करताना ती दिसत होती," तो म्हणाला. "आता मला मातीचीच आठवते. आणि काल रात्रीपासून तीही नीट नाही." त्याने हात खाली घेतला. तळव्याला पांढरी भुकटी लागली होती. बराच वेळ तो त्या निळ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. या वेळी भिंतीकडे वळला नाही.

मग त्याने विचारलं, "कशी दिसत होती? त्या दिवशी."

"झोपल्यासारखी," मी म्हटलं. सगळे असंच सांगतात.

"खरं सांग."

मी त्याला सांगायला नको होतं. तो चेहरा पाहिलेला नसणं, त्याच्याकडे तेवढं एकच उरलं होतं. पण मी फार दिवस ते एकटीने पाहिलं होतं, आणि माझ्यात आता एकटीने बघायची ताकद नव्हती. मी सांगितलं. ओठांचा रंग सांगितला. तोंड किती उघडं होतं ते सांगितलं. आणि उजवा डोळा पूर्ण मिटला नव्हता, तेही सांगितलं.

"मिटवला नाहीस?" त्याने विचारलं.

"मिटवला. राहिला नाही."

तो माझ्याशेजारी खाली बसला. बाहेर ऊन तसंच होतं, चित्र काढायला चांगलं. मी उठले नाही. त्या दिवसापासून नवऱ्याने डोळे मिटले की काय दिसतं ते मला विचारावं लागत नाही.